प्रयोगशाळेचा पहारा आणि शेजारचे गाव

२०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली या गावी एका कुक्कुटपालन केंद्रातील शंभराच्या आसपास पक्षी अकस्मात मृत्युमुखी पडले, त्यांचे नमुने पुण्यास रवाना झाले, आणि हा एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा प्रताप आहे असे निष्पन्न होताच केंद्राभोवतालच्या एक किलोमीटर परिघातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचा हुकूम सुटला. ज्यांच्या अंगणात खुराड्यातील पाच-दहा गावठी कोंबड्या हीच काय ती शिल्लक होती, त्यांनाही त्या परिघातून सवलत मिळणे शक्य नव्हते. कारण एक किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणीचे क्षेत्र ही मर्यादा केंद्र सरकारच्या कृती-आराखड्यात अगोदरच आखून ठेवलेली असते, आणि अशा आराखड्याला धनिकाचे केंद्र आणि गरिबाचे खुराडे यांत भेद करता येत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात हा रोग भारतात प्रथम प्रकट झाला तेव्हापासून हा जाबता जवळजवळ त्याच क्रमाने पार पडत आला आहे: मरतूक, नमुने, अहवाल, हुकूम, खड्डा, चुना, नुकसानभरपाईचा अर्ज.

ज्या विषाणूपायी एका गावाला एवढे सोसावे लागले, तोच विषाणू भोपाळच्या राष्ट्रीय उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेत आणि जगातील अशाच मोजक्या प्रयोगशाळांत जाणीवपूर्वक वाढवला जातो, त्याची जनुके वाचली जातात, आणि क्वचित ती कापून दुसऱ्या विषाणूच्या जनुकांशी जोडलीही जातात, हे ऐकून सामान्य माणसाच्या मनात प्रथम जो भाव उमटतो तो कृतज्ञतेचा नसून धास्तीचा असतो. ही धास्ती अज्ञानमूलक म्हणून झिडकारण्याची प्रथा विज्ञानाच्या उत्साही प्रचारकांत आढळते. वास्तविक हीच धास्ती स्वतः शास्त्रज्ञांना अर्ध्या शतकापूर्वी वाटली होती, आणि तिच्यातूनच संस्थात्मक जैवसुरक्षा समिती नावाची यंत्रणा जन्मास आली. पुनःसंयोजित डीएनएवर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यापीठात, संशोधन संस्थेत आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यात आज ही समिती असावीच लागते. ती काय पाहते, कोणत्या अधिकाराने पाहते, आणि तिच्या दृष्टीच्या कक्षेबाहेर काय राहते, याचा विचार प्रयोगशाळेच्या आतून अनेकांनी केलेला आहे. प्रस्तुत लेखात तो शहापूर आणि शेजारचे मुरबाड यांसारख्या प्रदेशाच्या बाजूने, म्हणजे भिंतीच्या बाहेरून, करावयाचा आहे.

प्रथम या विद्येचे स्वरूप पाहू. जीवाणूंच्या पेशींत अशी काही विकरे असतात की जी डीएनएच्या दीर्घ साखळीला विशिष्ट अक्षरक्रम सापडताच तेथेच छेद देतात, आणि दुसऱ्या जातीची काही विकरे अशी की जी तुटलेली टोके पुन्हा सांधतात. १९७३ साली स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे हर्बर्ट बॉयर यांनी या दोहोंचा उपयोग करून एका प्लाझ्मिडात, म्हणजे जीवाणूच्या पेशीत स्वतंत्रपणे नांदणाऱ्या डीएनएच्या लहानशा कड्यात, परका तुकडा बसवला आणि ते कडे ई. कोलाय या जीवाणूत सोडून त्याच्या असंख्य प्रती करून घेतल्या. आज मधुमेहाच्या रोग्याला मिळणारे इन्शुलिन आणि तान्ह्या मुलाला दिली जाणारी काविळीची लस ही या एका युक्तीची फळे होत.

परंतु ई. कोलाय हा माणसाच्या आतड्यातील कायमचा रहिवासी. आणि शास्त्रज्ञ पॉल बर्ग यांच्या मनात तर माकडाच्या एका अर्बुदकारक विषाणूचा डीएनए त्याच जीवाणूत घालून पाहण्याचा बेत होता. असा जीवाणू प्रयोगशाळेतील एखाद्याच्या पोटात गेला तर काय, हा प्रश्न एका सहव्यवसायी शास्त्रज्ञाने विचारला तेव्हा बर्ग यांनी तो प्रयोग स्थगित केला. आणि जुलै १९७४ मध्ये बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून, धोक्याचा अंदाज येईपर्यंत काही प्रकारचे प्रयोग जगभरातील शास्त्रज्ञांनी आपण होऊन थांबवावेत, अशी विनंती केली. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील असिलोमार येथे परिषद भरली आणि तिच्या शिफारशींच्या पायावर जून १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपली मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

असिलोमार येथे जे ठरले त्याचे सार असे की धोक्याच्या प्रमाणात कुंपण असावे, आणि ते कुंपण दुहेरी असावे. एक कुंपण दगडविटांचे: दारे, हवेचा दाब, गाळण्या, निर्जंतुकीकरणाची यंत्रे. दुसरे खुद्द जीवाणूच्या देहात: तो असा दुबळा करून ठेवायचा की प्रयोगशाळेबाहेर त्याचा निभावच लागू नये. अलाबामा येथील रॉय कर्टिस यांनी असा एक जीवाणू पुष्कळ परिश्रमाने घडवला. ज्या द्रव्यांचा पुरवठा केवळ प्रयोगशाळेतच होऊ शकतो त्यांच्यावाचून तो तगत नसे, आणि पित्तरसाच्या संपर्काने नाश पावे, त्यामुळे माणसाच्या आतड्यात तो टिकण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीप्रीत्यर्थ त्याच्या नावात १७७६ हा आकडा घालण्यात आला. दास्यातच जगू शकणाऱ्या जीवाला स्वातंत्र्याच्या वर्षाचे नाव देणाऱ्याची विनोदबुद्धी मोठीच म्हटली पाहिजे.

याच सुमारास एक गोष्ट घडली, जिची आठवण आमच्याकडील चर्चेत क्वचितच होते. हार्वर्ड विद्यापीठाने अशा कामासाठी नवी प्रयोगशाळा बांधण्याचा विचार चालवला, तेव्हा केंब्रिज शहराचे महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी १९७६ च्या उन्हाळ्यात नगरसभेत त्या जगद्विख्यात प्राध्यापकांना प्रश्नांच्या सरबत्तीखाली उभे केले, आणि नगरसभेने ते काम तात्पुरते थांबवून सामान्य नागरिकांचे एक मंडळ नेमले. त्या मंडळात रेणूजीवशास्त्राचा एकही पंडित नव्हता. मंडळाने काही महिने साक्षी ऐकल्या, दोन्ही पक्षांची उलटतपासणी केली, आणि काही जादा अटींवर संशोधन चालू द्यावे असा निवाडा दिला. तदनुसार फेब्रुवारी १९७७ मध्ये शहराने आपला स्वतंत्र कायदा केला. पंडितांना वाटले होते की अडाणी माणसे विज्ञानाचा गळा घोटतील; प्रत्यक्षात त्यांनी केवळ दाराची कडी नीट लागते की नाही एवढे पाहिले. त्या प्रकरणाची खूण आजच्या अमेरिकी नियमांत शिल्लक आहे: समितीत किमान पाच सभासद असावेत, आणि त्यांपैकी किमान दोघे संस्थेशी कोणताही संबंध नसलेले, परिसरातील लोकांच्या आरोग्याचे व पर्यावरणाचे हित पाहणारे असावेत.

भारतात ही व्यवस्था आली ती वेगळ्या वाटेने, आणि त्या वाटेवर भोपाळ लागते. डिसेंबर १९८४ च्या त्या विषारी वायुगळतीच्या रात्रीनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याखाली २७ नोव्हेंबर १९८९ रोजी घातक रसायनांविषयीचे नियम अधिसूचित झाले, आणि त्यानंतर आठच दिवसांनी, ५ डिसेंबर १९८९ रोजी, घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव व पेशी यांच्या निर्मिती, वापर, आयात, निर्यात व साठवणीविषयीचे. ही दोन भावंडे जेमतेम आठवड्याच्या अंतराने जन्मलेली असल्यामुळे त्यांचा चेहरा एकमेकांसारखा आहे. दोहोंतही आवारातील आपत्तीचा आराखडा ज्याच्या ताब्यात ती जागा आहे त्याने करावयाचा आणि आवाराबाहेरील आपत्तीचा आराखडा जिल्ह्याच्या अंमलदारांनी करावयाचा, अशी वाटणी आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही रसायनांच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही. मात्र वायू आणि जीव यांत एक मूलभूत अंतर आहे, जे या समान साच्यात पुरते बसत नाही: टाकीतून सुटलेला वायू पसरता पसरता विरळ होत जातो, आणि सुटलेला जीव, त्याला मानवणारे यजमान भेटल्यास, पसरता पसरता वाढत जातो. वेहळोलीच्या एक किलोमीटरच्या वर्तुळाचे कारण हेच.

१९८९ च्या नियमांनी समित्यांची एक उतरंड उभी केली. धोरणाचा सल्ला देणारी एक समिती. जैवतंत्रज्ञान विभागात चालू संशोधनावर नजर ठेवणारी दुसरी, जिला सर्वजण आरसीजीएम म्हणून ओळखतात. पर्यावरण मंत्रालयात बसणारी आणि जीव मोकळ्या वातावरणात सोडण्याचा अंतिम विचार करणारी जीईएसी. राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक, आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक. या सर्वांच्या मुळाशी, प्रत्यक्ष प्रयोगाच्या सर्वांत निकट, संस्थेची स्वतःची समिती. तिच्यात संस्थेचा प्रमुख असतो, डीएनएवर काम करणारे शास्त्रज्ञ असतात, एक वैद्यकीय तज्ज्ञ असतो, आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नामनिर्देशित केलेला एक सभासद असतो. हा शेवटचा सभासद केंद्र सरकारचा त्या खोलीतील डोळा होय. त्याच्या गैरहजेरीत झालेल्या बैठकीस मान्यता नाही.

एखाद्या तरुण संशोधकाला, समजा, जीवाणूत एक नवे जनुक घालावयाचे आहे. त्याने समितीकडे अर्ज सादर करावा लागतो, आणि त्या अर्जातील रकाने वाचले म्हणजे समितीच्या विचाराची दिशा ध्यानात येते. जनुक कोणाचे? ते ज्यातून घेतले तो जीव रोगकारक आहे काय? ज्या वाहकावर चढवून ते नेणार तो आपण होऊन एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतो काय? ज्याच्या देहात ते बसवणार तो यजमान कोण? बदलानंतर त्याच्या अंगी कोणता नवा गुण येईल, विशेषतः प्रतिजैवकांना न जुमानण्याचा? एकंदर किती लिटर वाढवणार? या अखेरच्या प्रश्नाला १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांत २० लिटरांची मर्यादा घालून दिलेली होती. तिच्यापलीकडचे काम मोठ्या प्रमाणावरचे समजून वरच्या समितीकडे धाडावयाचे. सांडले तर काय करणार, कचऱ्याची विल्हेवाट कशी लावणार, काम करणाऱ्यांना लस टोचली आहे काय, हेही विचारले जाते.

या उत्तरांवरून प्रयोगाची वर्गवारी होते. निरुपद्रवी जीवाणूंवरचे नित्याचे काम पहिल्या वर्गात मोडते आणि त्याची समितीला वर्दी दिली की पुरते. दुसऱ्या वर्गातील कामास समितीची पूर्वपरवानगी लागते. आणि तिसऱ्या वर्गातील कामास, उदाहरणार्थ तीव्र विषाचे जनुक हाताळणे किंवा रोगजंतूला औषधप्रतिकाराचा गुण देणे, समितीबरोबरच आरसीजीएमचीही मंजुरी मिळाल्यावाचून आरंभ करता येत नाही. सूक्ष्मजीवांचेही चार जोखीमगट आहेत आणि प्रयोगशाळांच्याही सुरक्षिततेच्या चार पायऱ्या. पहिल्या पायरीवर हात धुण्याची सोय आणि तोंडाने नळी न ओढण्याची शिस्त एवढ्यावर भागते. तिसऱ्या पायरीवर खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखलेला असतो, जेणेकरून दार उघडले तरी हवा आतच ओढली जावी, आणि बाहेर पडणारी प्रत्येक फुंकर सूक्ष्म गाळणीतून जावी. चौथ्या पायरीची प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. तेथे माणूस स्वतंत्र हवापुरवठा असलेल्या बंद पोशाखातच वावरतो.

समितीच्या कामातील सर्वांत कंटाळवाणा भाग हाच बहुधा सर्वांत मोलाचा असतो. जंतूंचे साठे कोणत्या शीतपेटीत, कोणाच्या किल्लीखाली. वाफेने निर्जंतुकीकरण करणारा ऑटोक्लेव्ह खरोखर १२१ अंशांपर्यंत तापतो की त्याचा काटाच अडकला आहे. सुरक्षा-कपाटाची गाळणी शेवटची कधी तपासली. दोन वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या अर्जात एक जनुक लिहिलेले असताना आज नळीवर दुसऱ्याच जनुकाचे नाव का. अशा नोंदींची रुजवात घेणे, वार्षिक अहवाल वरच्या समितीला धाडणे, नवागत विद्यार्थ्यांना शिस्त लावणे, यात कसलेही तेज नाही, आणि विद्यापीठातील नामांकित प्राध्यापकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, हेही सर्वश्रुत आहे. परंतु प्रयोगशाळांतील अपघातांचा इतिहास पाहिला तर महाभयंकर जंतूपेक्षा फुटलेली नळी, टोचलेली सुई आणि चुकीची चिठ्ठी यांनीच माणसांना अधिक वेळा दगा दिलेला आहे.

कुंपण घालणे म्हणजे कामाला मज्जाव करणे नव्हे, याची साक्ष ठाण्याच्या शेजारीच आहे. पवईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक रुग्णालयात मिळून घडलेला नेक्सकार१९ हा रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचार ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता पावला आणि पुढील वर्षी ४ एप्रिल रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्यात रोग्याच्याच रक्तातील टी-पेशी काढून त्यांत एक जनुक बसवतात, जेणेकरून त्या पेशींनी कर्कपेशी ओळखून माराव्यात. आणि हे जनुक पेशीत नेऊन पोहोचवणारा वाहक असतो लेन्टिव्हायरस, म्हणजे एड्सच्या विषाणूच्या कुळातला. हे वाक्य वाचून जो वाचक दचकेल त्याला दोष देता येणार नाही. परंतु अशा वाहकातील रोगकारक जनुके काढून टाकलेली असतात, आणि तो बनवण्यासाठी लागणाऱ्या सूचना वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर विभागून ठेवलेल्या असतात, ज्यायोगे एकदा पेशीत शिरलेल्या वाहकाला स्वतःची दुसरी प्रत काढता येऊ नये. पुन्हा प्रत काढणारा विषाणू चुकून तयार झालेला नाही ना, याची स्वतंत्र परीक्षा करणे हा अशा उपचारांचा आवश्यक भाग समजला जातो. कर्टिस यांचा परावलंबी जीवाणू आणि हा वांझ विषाणू या एकाच वंशातील कल्पना होत.

एच५एन१ चीही गोष्ट अशीच. त्याची लस पारंपरिक रीतीने अंड्यांत वाढवावी तर तो अंड्यातील गर्भच मारून टाकतो. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या जनुकातून तो तुकडा कापला, ज्याच्या बळावर तो पक्ष्याच्या सर्व अवयवांत पसरतो; आणि त्या निरुपद्रवी केलेल्या जनुकाची सांगड १९३४ सालच्या एका जुन्या, सौम्य केलेल्या फ्लू-विषाणूच्या सहा जनुकांशी घातली. येथे जनुकांची कापाकापी झाली ती विषाणूचे दात पाडण्यासाठी. परंतु तीच विद्या उलटही वळते. २०११ साली रॉटरडॅम येथील रॉन फूशे आणि मॅडिसन येथील योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी स्वतंत्रपणे असे दाखवले की या विषाणूत थोडेसे बदल झाल्यास तो हवेतून एका फेरेटकडून दुसऱ्याकडे, म्हणजे माणसाच्या श्वसनमार्गाशी साम्य असलेल्या प्राण्यांत, जाऊ शकतो. त्यावर जगभर वादळ उठले. शास्त्रज्ञांनी जानेवारी २०१२ पासून सुमारे वर्षभर तशा प्रयोगांना आपण होऊन विराम दिला. या प्रकरणात समित्या नव्हत्या असे नाही. प्रयोग उच्च सुरक्षेच्या खोल्यांत, रीतसर मंजुरीनेच झाले होते. प्रश्न कुंपणाचा राहिलाच नव्हता. असे ज्ञान मुळात निर्माण करावे काय, हा होता, आणि खोलीची हवा मोजणाऱ्या समितीला तो विचारण्याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता.

आता भाताकडे येऊ, कारण शहापूर-मुरबाडचा खरा संबंध प्रयोगशाळेतील फ्लूपेक्षा भाताशी अधिक येणार आहे. पावसाळ्यात डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या बाजूंस भाताखेरीज दुसरे पीक दृष्टीस पडणे कठीण. या पट्ट्यास सुधारित वाण मिळत आले ते प्रामुख्याने दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्रातून, तेही संकर आणि निवड या जुन्या मार्गाने. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा कमला हा वाण सांबा मसुरीतील एका जनुकात बारीक खोडाखोड करून सिद्ध झाला आहे. तो वीस दिवस अगोदर पिकतो आणि दाणे अधिक देतो असे सरकारचे म्हणणे आहे. येथे परके जनुक आणून घातलेले नाही, केवळ असलेले जनुक बदलले आहे. आणि म्हणूनच ३० मार्च २०२२ च्या आदेशाने अशा वनस्पतींना, त्यांच्यात बाहेरचा डीएनए शिल्लक नसल्यास, १९८९ च्या नियमांतील कडक कलमांतून सूट मिळालेली आहे.

ही सूट योग्य की अयोग्य यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि मला स्वतःला ती तत्त्वतः समर्थनीय वाटते. निसर्गात आपण होऊन घडू शकेल असा बदल हाताने केला म्हणून त्याला विषारी ठरवणे तर्काला धरून नाही. परंतु तिचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. वरच्या समित्यांच्या परवानग्या, म्हणजे काटेरी तारेची बाहेरची दोन वर्तुळे, काढून घेतल्यावर, रोपात संपादनाची हत्यारे शिल्लक राहिलेली नाहीत आणि नको तेथे काप गेलेला नाही, याची खातरजमा करण्याचा भार मुख्यत्वे संस्थेच्या समितीवर येऊन पडतो. जी समिती आजवर उतरंडीच्या तळाशी होती ती येथे जवळजवळ शेवटचा दरवाजा झाली आहे. भात हे बव्हंशी स्वपरागित पीक खरे. पण कोकणात ओढ्यांच्या आणि पाणथळींच्या कडेला उगवणारा देवभात हा त्याचा रानटी भाऊबंद आहे, आणि या दोघांत परागांची देवघेव अशक्य नाही. बाहेरच्या जनुकाच्या भाताचे चाचणी-शेत लावताना विलगीकरणाचे अंतर आणि कापणीनंतरची निगराणी सक्तीची असते, ती याचमुळे.

समितीला फाटा दिला म्हणजे काय होते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण एका खेडवळ मुलखातले आहे. जुलै १९८६ मध्ये अर्जेंटिनातील आसुल येथील एका पशुकेंद्रात, फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने तयार केलेली पिसाळ रोगावरील नवी लस, जी देवीच्या लसीच्या विषाणूत रेबीजचे जनुक घालून सिद्ध केलेली होती, ती वीस गाईंना टोचून पाहण्यात आली, आणि टोचणी न झालेल्या आणखी वीस गाई त्यांच्या सोबत ठेवण्यात आल्या. अर्जेंटिनाच्या सरकारला याची खबर देण्यात आलेली नव्हती. गाईंची धार काढणाऱ्या गड्यांना आपण कशाला हात लावीत आहोत हे ठाऊक नव्हते. गोष्ट फुटल्यावर सरकारने प्रयोग बंद पाडला. त्या गड्यांना संसर्ग झाला होता की नाही यावर पुढे पुष्कळ वाद झाला. आणि त्याच कुळातील लस युरोपातील रानांत कोल्ह्यांसाठी आमिषांत घालून टाकली गेली तेव्हा तिने रेबीजला मागे हटवण्यात मोठी कामगिरी बजावली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. लस वाईट नव्हती. धार काढणाऱ्याला विचारलेले नव्हते. म्हसेच्या यात्रेत बैलांच्या बाजारात फिरलेल्या आणि बुळकांडीच्या साथीच्या कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या मुरबाडच्या माणसाला, गुरांच्या लसीचे महत्त्व काय आणि न विचारता टोचलेल्या लसीची चीड काय, या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागणार नाहीत.

यावरून मला आमच्या व्यवस्थेतील एक उणीव ठळकपणे दिसते. अमेरिकेच्या समितीत परिसरातील दोन त्रयस्थांना जागा आहे. आमच्या संस्थात्मक समितीत सरकारचा प्रतिनिधी आहे, वैद्य आहे, शास्त्रज्ञ आहेत, पण शेजाऱ्याची जागा १९८९ च्या नियमांत नाही. ज्या संस्थेचे काम पाहावयाचे तिचाच प्रमुख समितीत बसतो, आणि त्या नियमांतील बाहेरचा एकटा सभासदही दिल्लीच्या सनदेने आलेला असतो. या प्रकारच्या आत्मपरीक्षणाची निंदा करण्याचे कारण नाही; प्रयोगाची खरी नस त्या खोलीतील माणसांनाच कळते, आणि नियामकांची फौज दारात उभी केली तर संशोधन तेवढे बंद पडेल. पण शेजाऱ्याचा प्रश्न निराळ्या जातीचा असतो. सांडपाणी कोणत्या ओढ्याला मिळते, रात्री वीज गेली तर त्या दाबाच्या खोलीचे काय होते, आतला झाडूवाला कोणत्या पाड्यावरून येतो, हे प्रश्न पंडिताला सुचतीलच असे नाही. तानसा, मोडकसागर आणि भातसा यांचे पाणी मुंबईला पाठवून उन्हाळ्यात स्वतः टँकरची वाट पाहणाऱ्या शहापुराला, आपल्या आवारातील निर्णय दुसऱ्या शहराच्या कचेरीत होतात म्हणजे काय, याचा पुरेसा अनुभव आहे. तानसाचे धरण १८९२ सालचे, तेव्हापासूनचा.

बाहेरच्या माणसाला या व्यवस्थेत शिरण्याचा एकच दरवाजा आहे आणि तो जिल्हा समितीचा. नियमाप्रमाणे या समितीने जिल्ह्यातील अशा प्रत्येक ठिकाणास भेट द्यावी, तेथील धोक्यांचा तक्ता तयार करावा, आवाराबाहेरील आपत्तीचा आराखडा करावा, आणि राज्याच्या समितीला व जीईएसीला वेळोवेळी अहवाल द्यावा. संस्थेच्या समितीच्या साह्याने झालेल्या आवारातील आराखड्याची प्रत तिच्या दप्तरी यावी. म्हणजे कागदावर ही साखळी पूर्ण आहे. तरीही अनेक जिल्ह्यांत ही समिती नावापुरतीच राहते, बैठका होत नाहीत, अशी तक्रार वारंवार होत आली आहे. आणि ज्या जिल्हाधिकाऱ्याच्या माथ्यावर निवडणुका, पूर, टंचाई आणि भूसंपादन आहे त्याच्या टेबलावर जनुकांची फाईल तळाशी जावी, यात आश्चर्य नाही.

या समितीच्या सभासदांची यादी पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी, निमंत्रक जिल्हा आरोग्य अधिकारी, कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी, जिल्हा कृषी अधिकारी, सार्वजनिक आरोग्य खात्याचा प्रतिनिधी, सूक्ष्मजीवशास्त्राचा वा विकृतिशास्त्राचा तज्ज्ञ, आणि महानगरपालिकेचा आयुक्त. वेहळोलीत ज्या खात्याने सारा भार वाहिला त्या पशुसंवर्धन खात्याचा अधिकारी या यादीत नाही. महानगरपालिकेचा आयुक्त आहे, ग्रामपंचायतीचा सरपंच नाही. आणि हे अशा जिल्ह्यात, जेथे संबंध शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि जेथे ग्रामसभेला अशा क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पंचायत कायद्याने अनेक बाबतींत विचारावेच लागते. मात्र याच कलमाच्या शेवटी एक लहानसे वाक्य आहे: आवश्यक वाटल्यास समितीने आणखी सभासद घ्यावेत. तेव्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्याला आणि जेथे असे ठिकाण असेल त्या गावच्या सरपंचाला जिल्हा समितीत बोलावण्यासाठी नवा कायदा नको, अधिसूचना नको, दिल्लीस दरखास्तही नको. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून निघालेले एक पत्र पुरेसे आहे.